चौकटीवरचा ओळंबा

"दोरी ताण!" बापू ओरडले.

ह्यांनी दोरी ताणली.

"आणखी ताण. मधी झोळ पडलाय, दिसंना का तुला?"

ह्यांनी पाय रोवून आणखी ताणली. चौकटीच्या उभ्या लाकडाला वरून खालपर्यंत लावलेली ती दोरी इतकी ताठ होती, की बोटाने छेडली असती तर तुणतुण्यासारखी वाजली असती. मी जोत्यावर आंब्याचे डहाळे घेऊन उभी होते आणि मला झोळ काही दिसत नव्हता. पण बापूंना दिसतोय म्हटल्यावर तो असणारच, असं धरून चालायची मला लहानपणापासूनची सवय.

"ताण म्हंतो ना!"

तुटली दोरी. हे मागच्या मागे वाळूच्या ढिगावर बसले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वाटीत हळद कालवत होत्या, त्यांचा हात तसाच थांबला.

"चांगल्या दिवशी तुटली गं बाई," त्या पुटपुटल्या.

"दोरीच ती. जुनी असंल," मी म्हटलं. खरं तर दोरी आदल्या दिवशीच आणली होती.

ते घर आमचं होतं. लग्नानंतर इतकी वर्षं भावकीतल्या एका खोलीत काढल्यावर गावाच्या कडेला तुकडा मिळाला होता, जोतं भरून झालं होतं आणि त्या दिवशी पुढच्या दाराची चौकट उभी राहायची होती. आमच्या फलटणकडच्या गावांत चौकट बसवणं म्हणजे निम्मं घर झाल्यासारखं. मुहूर्त बघतात, चौकटीला हळदकुंकू लावतात, तोरण बांधतात, नारळ फोडतात, आणि मिस्त्रीला टॉवेल-टोपी देऊन मान करतात. आमचे मिस्त्री म्हणजे माझे बापू. त्यांच्या हाताखाली गवंडीकाम शिकून तयार झालेले, नंतर त्यांचे जावई झालेले, ते आमचे हे. सगळा मामला घरातला. भांडण झालं तरी समजूत काढायला बाहेरून माणूस आणावं लागलं असतं.

बापूंचं, म्हणजे केरबा मिस्त्रीचं, नाव आसपासच्या गावांत होतं ते त्यांच्या डोळ्यासाठी. बाकीचे गवंडी भिंत सरळ आली का हे ओळंब्याने बघतात. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. दोरी सोडली की ती सरळ खाली लोंबते आणि भिंत तिच्याशी ताडून बघायची. बापू ओळंबा वापरत नसत. ते लांब जाऊन उभे राहत, डावा डोळा मिटत, उजवा बारीक करत आणि म्हणत, "जरा आत घे. बास. झालं." एखाद्या घरमालकाने शंका काढलीच तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

ओळंबा ते फक्त चौकटीच्या दिवशी बाहेर काढत. पूजा झाली की त्याला हळदकुंकू लावायचं आणि चौकटीच्या वरच्या लाकडाला टांगायचा, नारळ फुटेपर्यंत. ही त्यांची स्वतःची रीत होती. "कामाला न्हाई, मानाला," असं म्हणत. जमलेली माणसं बघत, दोरी बाजूच्या उभ्या लाकडाला चिकटून वरपासून खालपर्यंत उतरलेली असे, मधे केसभर फट नसे. मग माणसं माना डोलवत आणि बापू भलतीकडे बघत मिशीतल्या मिशीत हसत. वर्षभराच्या उन्हातान्हाचं चीज त्यांना त्या घटकेत मिळायचं.

त्या वर्षी ते साठी ओलांडून पुढे गेले होते. डोळ्यावर आठवड्याच्या बाजारात घेतलेली चाळिशी होती, ती जेवताना डाळीतला खडा बघायला लागायची. उजव्या डोळ्याने अंधुक दिसतं असं अधूनमधून म्हणत. मी एकदा म्हटलं होतं, डॉक्टरला दाखवा. तर म्हणाले, "मोती हाय. अजून कच्चा हाय. पिकला की काढू." जणू अढीत घातलेला आंबा. पण गावात सगळे असंच म्हणत, माझ्या आजीचा मोतीबिंदूही पिकल्यावरच काढला होता, तेव्हा मलाही ते पटलं.

दोरी तुटल्यावर बापूंचा मोर्चा रघू सुतारांकडे वळला. चौकट त्यांनी केली होती. दोघे एका वयाचे, एका तालमीतले, आणि दर चौकटीला एकदा भांडल्याशिवाय दोघांनाही काम केल्यासारखं वाटत नसे.

"रघू, लाकूड ओलं व्हतं तुझं. वाकलंय. मधी पोट आलंय बघ."

"सागवान हाय केरबा. वर्षभर सावलीत वाळवलंय."

"मग पोट कुठनं आलं?"

"तुझ्या का लाकडाच्या?"

आत्याबाई पदराआड हसल्या. मीही हसले. बापू हसले नाहीत. लांब जाऊन उभे राहिले, डावा डोळा मिटला, आणि बराच वेळ बघत राहिले. मग दोन पावलं डावीकडे सरकले, पुन्हा बघितलं. रघू सुतारांनी आपली सरळ पट्टी काढून लाकडाला लावली. पट्टी लाकडाला बेमालूम बसली.

"बघ. पोट हाय?"

"पट्टी बी वाकडी हाय तुझी."

"दोरी वाकडी, पट्टी वाकडी, चौकट वाकडी," सुतार तंबाखू मळत म्हणाले. "नाचता येईना..."

"काय म्हणालास?"

"काय न्हाई. अंगण म्हणालो." आणि ते पाठ करून वाळूवर बसले.

एरवी अशा वेळी हे काहीतरी बोलून दोघांना हसवत. त्या दिवशी ते गप्प होते. चौकटीला आधार दिलेल्या टेकूवर हात ठेवून जमिनीकडे बघत होते. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा चेहरा. मला वाटलं, दोरी तुटली ते मनाला लागलं असेल. स्वतःचं घर म्हटलं की माणूस हळवा होतो.

"जालिंदरा, लाकूड खालनं बाहेर घे."

"मामा, हाय ते बरं हाय."

"घे म्हंतो."

ह्यांनी घेतलं.

"आणखी."

"मामा..."

"मिस्त्री कोण हाय हितं?"

ह्यांनी आणखी घेतलं. सुतारांनी मान वळवून बघितलं आणि परत फिरवली. बापू उजव्या डोळ्याने बघत होते, हाताने खुणा करत होते, आणि ते म्हणतील तसे हे टेकूला हातोड्याचे हलके ठोके देत होते. शेवटी बापूंचा हात वर गेला.

"बास. आता झाली. आता कशी नवरीसारखी उभी राहिली बघा."

सिमेंट-वाळूचा माल टाकला, विटा धरल्या, चौकट पक्की झाली. बापू हात धुवायला पाण्याच्या पिंपाकडे गेले. मी डहाळे बांधायला चौकटीपाशी आले तर हे हळूच हातोडा उचलत होते. त्यांनी खालच्या टेकूला एक ठोका दिला, दुसरा दिला.

"हात लावू नको!" बापू तिकडून ओरडले. ऐकू मात्र स्वच्छ येत असे. "लावलेल्या चौकटीला हात लावायचा न्हाई, किती येळा सांगितलं?"

ह्यांनी हातोडा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. ती नजर मला कळली नाही. इतकी वर्षं संसार केलेल्या नवऱ्याची नजर बायकोला कळते असं म्हणतात. सगळ्याच कळत असत्या तर काय.

मुहूर्त जवळ आला. आत्याबाईंनी चौकटीला हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं, मी तोरण बांधलं. शेजारच्या दोघीतिघी आल्या होत्या. त्या सोडतात कसल्या, नाव घ्यायला लावलंच. मी घेतलं:

"आंब्याचा डहाळा, हळदकुंकू ओलं, जालिंदररावांचं घर बापूंनी उभं केलं."

बायका हसल्या. बापूही खूश झाले. ते अंगरखा बदलून आले होते, केस ओले करून बसवले होते. पिशवीतून त्यांनी ओळंबा काढला. पितळ चिंचेने घासून लखलखीत केलेलं होतं.

"जालिंदरा, टांग."

हे जागचे हलले नाहीत.

"आरं टांग की."

"मामा, आज राहू द्या. नारळ फोडू अगोदर."

"का? रीत मोडायची का लेकीच्या घरात?"

हे पुढे झाले. ओळंबा घेतला. वरच्या लाकडाला, अगदी कडेला, दोरी बांधली आणि वजन हळूच सोडलं. ते थोडं फिरलं, थोडं झुललं, आणि थांबलं.

वर दोरी लाकडाला चिकटून होती. खाली उंबऱ्यापाशी दोरी आणि लाकूड यांच्यामध्ये दोन बोटं सहज जातील इतकी फट होती.

 बायकांना नेमकं काय ते कळलं नसेल, पण काहीतरी वाकडं आहे एवढं तर पोरालाही दिसलं असतं. रघू सुतार वाळूवरून उठले. मला वाटलं, आता हे बोलणार, इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करणार. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तसेच उभे राहिले.

बापू हळदकुंकवाची वाटी घेऊन पुढे आले. वाकले, ओळंब्याला हळद लावली, कुंकू लावलं. दोन्ही डोळे उघडे होते, आणि इतक्या जवळून त्यांना ती फट दिसली. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी हळदीची दोन बोटं त्या फटीत घातली. आत-बाहेर केली. बोटं लाकडालाही लागली आणि दोरीलाही लागली.

ते उभे राहिले. मागे सरकले. सवयीने डावा डोळा मिटला आणि उजव्याने बघितलं. मग त्यांनी असं काही केलं जे मी त्यांना जन्मात करताना बघितलं नव्हतं: उजवा डोळा मिटला आणि डाव्याने बघितलं. परत डावा मिटला. परत उजवा. एकदा हा, एकदा तो, लहान पोरं चंद्राकडे बघून खेळतात तसं. चेहऱ्यावर काही नव्हतं. ना राग, ना शरम.

मलाही काही वाटलं नाही. खरंच सांगते. माझ्या नखात हळद गेली होती ती मी दुसऱ्या नखाने काढत होते, आणि ती पुरती निघाली पाहिजे एवढंच त्या घटकेला महत्त्वाचं वाटत होतं. अंग बधिर झालं होतं. दातदुखीला औषध लावल्यावर गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचा गाल वाटतो, तसं.

"चौकट सरळ व्हती," बापू म्हणाले.

"व्हय," हे म्हणाले.

"लाकडाला पोट न्हवतं."

"न्हाई," सुतार म्हणाले. "न्हवतं केरबा."

बापूंनी मान हलवली. मग नारळ उचलला. "मुहूर्त टळायला नको," म्हणाले आणि एका दणक्यात फोडला. पाणी उंबऱ्यावर सांडलं. आत्याबाईंनी टॉवेल-टोपी दिली ती त्यांनी घेतली, टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. प्रसादाचं खोबरं खाल्लं. सगळं रीतीप्रमाणे.

बायका गेल्यावर हे म्हणाले, "मामा, माल ओला हाय तवर सरळ करून टाकतो."

"न्हाई. पूजा झालेली चौकट हलवत न्हाईत." थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या सकाळी साताऱ्याला जाऊ. डोळ्याच्या डॉक्टरकडं."

मोती पिकायची वाट बघणारा माणूस असा आपण होऊन डॉक्टरकडे निघाला, त्याचाही मला त्या वेळी अचंबा वाटला नाही.

साताऱ्याला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाजाने शांत. त्यांनी डोळ्यांत औषध घालून बराच वेळ तपासलं. मग चौकटी-चौकटींचा एक कागद समोर धरला. मधोमध एक ठिपका होता.

"आजोबा, डावा झाका. उजव्याने ठिपक्याकडे बघा. रेघा कशा दिसतात?"

"वाकड्या. मधी पाण्यात पडल्यागत. ठिपका दिसत न्हाई, तिथं नुसता डाग हाय."

"आता उजवा झाका."

"सरळ हायत," बापू म्हणाले. "आखल्यासारख्या."

"हे वाकडं दिसणं कधीपासून आहे?"

"कालपासनं."

बाईंनी मान हलवली. "कालचं नाही हे. आत रक्त येऊन जुनं झालंय, व्रण बसलाय. बरेच महिने झाले असणार. आठवून सांगा."

"काल कळलं. चौकटीपाशी."

मग हे बोलले. ते माझ्या शेजारी बाकावर बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. "दिवाळीपासनं," ते म्हणाले. "ह्या न्हाई. मागच्या दिवाळीपासनं."

बापूंनी मान वळवली. डोळ्यांतल्या औषधाने त्यांना काही धड दिसत नसणार, तरी ते आवाजाच्या दिशेने बघत राहिले.

"तुम्हाला कसं माहीत?" बाईंनी विचारलं.

"कामावर दिसायचं. सरळ भित असली की म्हणायचं वाकडी हाय, मग वाकडी करून घ्यायचं. पहिल्यांदा पाटलाच्या हिरीचा कठडा. मग शाळंचं कुंपण. मग दोन घरांच्या भिती." हे टोपीशी बोलत होते. "सांजच्याला मिस्त्री घरी गेलं की मी मागं थांबायचो. माल ओला असायचा. सरळ करून टाकायचो."

लग्नानंतर ते बापूंना मिस्त्री म्हणत नसत, मामा म्हणत. त्या दिवशी परत मिस्त्री म्हणाले. आणि मला आठवलं, वर्षभर हे उशिरा घरी येत होते. विचारलं की म्हणायचे, काम होतं.

"मग त्यांना सांगितलं का नाहीत?"

"वय झालं की व्हतंच म्हटलं. म्हातारपण हाय. त्याला काय औषध असतंय? आन... मिस्त्रींना कोण सांगणार, तुमचा डोळा गेला म्हणून? त्यांच्याकडं डोळाच तर व्हता." मग म्हणाले, "झाकली मूठ म्हटलं. त्यांचं नाव राहील."

 बाईंनी ह्यांना एखाद्या पोराला समजवावं तसं सांगितलं. वयाबरोबर चाळिशी लागते, मोती येतो, ते सगळ्यांनाच, त्याचं काही एवढं नाही. मोती तर पिकायचीही वाट बघायची नसते. पण हे मोती नव्हे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, त्याचं हे दुखणं. उतारवयातच होतं म्हणून माणसं त्याला म्हातारपण समजतात. सरळ रेघ वाकडी दिसायला लागली की तीच खूण, तेव्हाच धावत यायचं.

"तेव्हा आला असतात तर इंजेक्शनं देऊन बराचसा डोळा राखता आला असता," त्या म्हणाल्या. "आता उजव्याची मधली नजर परत येणार नाही. डावा चांगला आहे. त्याला मात्र जपा. रोज एक डोळा झाकून एखादी सरळ रेघ बघत जा. हा कागद न्या. जरा जरी वाकडी वाटली तर त्याच दिवशी या."

मी त्या कागदाकडे बघत होते. माझा नवरा आणि माझे वडील माझ्या दोन बाजूंना बसले होते आणि मला कुणाकडे वळायचं ते कळत नव्हतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. भिंतीवर पंखा फिरत होता, त्याचं एक पातं किंचित खाली होतं, तेवढं मी बघून ठेवलं.

बाहेर येऊन स्टँडवर बसलो. गाडीला वेळ होता. बापूंनी काळा चष्मा लावला होता. ते म्हणाले, "हिरीचा कठडा किती बाहेर व्हता?"

"बोटभर," हे म्हणाले.

"आन शाळंचं कुंपण?"

"तीन बोटं."

"तीन?"

"मधी. कडंला कमी."

बापूंनी मान हलवली. गवंडी गवंड्याला विचारतो तसं विचारत होते, दुसरं काही नाही. मग म्हणाले, "भिती सगळ्या राखल्यास रं जालिंदरा. डोळा तेवढा राहिला."

ह्यांनी टोपी डोळ्यांवर दाबली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. माणसं बघत होती. बापूंनी त्यांच्याकडे मान वळवली नाही, पण गाडी लागल्यावर उठताना हात पुढे केला, आणि तो ह्यांच्या खांद्यावर ठेवूनच पायऱ्या चढले. राग होता की नव्हता, मला अजून सांगता येत नाही. मी दोघांच्या मागून चढले.

बापूंनी पुढे कधी थापी हातात धरली नाही. घर ह्यांनी पुरं केलं. चौकट तशीच राहिली. मी एकदा म्हटलं, बाकी सगळ्या गावाची दारं सरळ आणि आपलंच असं, तर बापू म्हणाले, "राहू दे. मला लागंल." कागद त्यांनी घरी नेलाच नाही. "रेघा बघून मला काय कळणार? मी काय मास्तर हाय?" त्याऐवजी रोज सकाळी चहाला आमच्याकडे येत. ओळंबा त्या दिवशी टांगला होता तो तसाच होता. त्याच्यासमोर उभं राहायचं, उजव्या डोळ्यावर तळवा धरायचा, डाव्याने कललेल्या लाकडापासून सुटी लोंबणारी दोरी बघायची.

"सरळ?" हे आतून विचारत.

"सरळ हाय," बापू म्हणत. मग चहा.

ह्यापलीकडे त्या गोष्टीविषयी दोघं कधी बोलले नाहीत. हे कामाला निघायची घाई असली तरी तो प्रश्न विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. अशी काही वर्षं गेली.

मार्गशीर्षातली एक सकाळ. मी तुळशीपाशी होते. बापू आले, उभे राहिले, तळवा धरला. हे पायात वहाणा घालत होते.

"सरळ?"

 बापूंचा मोकळा हात पुढे गेला आणि बोटांनी दोरी चाचपली, वरून खाली, हलकेच. मग म्हणाले, "सरळ हाय."

हे उभे राहिले. "मामा, हात का लावला?"

"माशी व्हती."

"माशी न्हवती."

"आरं दिसतंय मला! सरळ हाय म्हंतो ना!"

"हात लावल्यावर सरळच लागणार!" हे ओरडले. सासऱ्यावर, मिस्त्रीवर, आयुष्यात पहिल्यांदा. शेजारची दारं उघडली. आत्याबाई बाहेर आल्या. "बघून सांगा! हात न लावता सांगा! कशी दिसतीया?"

 बापूंचा तळवा डोळ्यावरून खाली आला.

"मधी जराशी," ते म्हणाले. "जराशीच. म्हटलं उद्या जाईल."

"शाले, मामांची शाल आण," हे मला म्हणाले. त्या दिवशीचं काम सोडून त्यांनी बापूंना तसंच उचलून साताऱ्याला नेलं. डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं म्हटल्यावर बापू घाबरले, हे शेजारी हात धरून बसले. मग बरेच महिने ती वारी चालली. तो डोळा राहिला. बापू शेवटपर्यंत आपला ताटातला घास आपण बघून खात होते, आणि गेले तेही आमच्याच घरातून, त्याच दारातून.

दार अजून तसंच आहे. चौकट कललेली असल्यामुळे कडी लावली नाही तर आपोआप उघडतं. पाहुणे ह्यांना विचारतात, एवढे नावाजलेले मिस्त्री आणि स्वतःचं दार असं कसं. हे हसून म्हणतात, दिव्याखाली अंधार.

आता मी बापूंच्या त्या वयाची झाले. ही दुखणी घराण्यात उतरू शकतात असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज सकाळी सडा टाकून झाला की मी ओळंब्यासमोर उभी राहते. एक डोळा झाकते, दोरी बघते. मग दुसरा. सवय अशी की त्यात काही वाटत नाही, दात घासल्यासारखं आहे.

"सरळ?" आतून हे विचारतात. हल्ली त्यांना उठायला वेळ लागतो.

"सरळ हाय."

"हात लावू नको हां," हे म्हणतात. "नुसतं बघून सांग."